स्टॅम्पपेपरवरचं वाक्य

नागपूर, रविवार

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू "झोप लागत नाही" म्हणालीस आणि मी काहीबाही बोलून फोन आईकडे दिला. म्हणून हे पत्र.

मृग लागून आठवडा झाला, पावसाचा पत्ता नाही, कूलर सुरूच आहे. आजी रोज विचारते, "पोरीचा पासपोर्ट आला काय वो?" कॉलनीत तर तुझा अमेरिकेचा व्हिसा रिजेक्ट झाला असंच पसरलं होतं. मी एकेकाला थांबवून सांगतो, २१४(बी) म्हणजे नकार, ते वेगळं. आमच्या पोरीला २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली आहे, तपासणी चालू आहे, फाइल बंद झालेली नाही. तीस वर्षं बँकेत काढली, पण इतकी कलमं कधी पाठ नव्हती.

१ जुलैला तिकडच्या हॉस्पिटलात रेसिडेन्सीचं (डॉक्टरी प्रशिक्षणाचं) जॉइनिंग. उद्याच तिकडच्या कोऑर्डिनेटरला मेल टाक. मॅच, म्हणजे रेसिडेन्सीची जागा ठरली ती, त्यांनाही बंधनकारक आहे, पण पासपोर्ट अडकल्याचं त्यांना तुझ्याकडूनच कळू दे. आणि एच-१बीचा, त्या नोकरीच्या व्हिसाचा, विचार आता सोड. त्याला स्टेप ३ ही तिकडची डॉक्टरीची परीक्षा आधीच पास हवी होती, शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर लावले. जे-१ हा प्रशिक्षणाचा व्हिसा घेतला तेच बरं.

माझ्या मनात घोळतंय ते मात्र वेगळंच. सिव्हिल लाइन्सला नोटरीच्या टेबलापाशी आपण उभे होतो, आठवतं? "प्रशिक्षण संपल्यावर मी भारतात परत येईन," असं हमीपत्र. त्याच्याच आधारावर दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाने 'स्टेटमेंट ऑफ नीड' दिलं, की या विषयाच्या डॉक्टरांची देशाला गरज आहे. नोटरीने न वाचता शिक्का मारला. तू न वाचता सही केलीस. मी वाचलं आणि गप्प बसलो, कारण ऊन मी म्हणत होतं आणि कुरिअर चुकवायचं नव्हतं. तिथेच तुला थांबवायला हवं होतं.

जे-१ची अटच आहे: रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं मायदेशी, त्याशिवाय एच-१बी नाही, ग्रीनकार्ड नाही. इतर जे-१वाल्यांना आपल्या सरकारचं 'हरकत नाही' चालतं, तुम्हा डॉक्टरांना तेही नाही. उरतो तो मुख्यतः कॉनराड वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट: एका राज्याला वर्षाला ३० जागा, आणि जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा भागात तीन वर्षं नोकरी.

हे वाचून मला हसूच आलं बघ. सरकारी सेवेच्या बॉण्डचं पोस्टिंग गडचिरोलीला आलं तेव्हा "बाबा, १० लाख भरून टाकू" म्हणणारी तू. आपण भरले नाहीत (होते कुठे?), तू गेलीस. पुढे एका रात्री नाल्याचं पाणी उतरायची वाट बघत त्या बाळंतिणीजवळ बसून राहिलीस. दुसऱ्या दिवशी फोनवर ते सांगताना तुझा आवाज मला ओळखू आला नव्हता. आता तिकडे राहायचं तर तिकडचीच कुठलीतरी गडचिरोली शोधावी लागणार, आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षं!

मुलाखतीत "परत जाणार का?" विचारल्यावर तू लगेच हो म्हणालीस, असं आईला सांगितलंस. ते घोकलेलं होतं, हे मला कळतं. घोकून मीच घेतलं होतं ना. मी त्या वाक्याचा पहारेकरी होणार नाही. तिकडे राहिलीस तर आम्ही दोघं येऊन बघून जाऊ, थंडी सोसली तर. पण सही तुझी आहे. तू ते एकदा माझ्यासारखं सावकाश वाचावंस असं वाटतं.

सोबत हमीपत्राची झेरॉक्स आहे, आणि आईने सांबारवडी दिली आहे; आत्यालाही दे, सगळी एकटी खाऊ नकोस. वाचून झालं की फोन कर. या वेळी आईकडे देणार नाही.

तुझे
बाबा