कराराची शेवटची तारीख कोण वाचतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्चअखेर जवळ आली की मालमत्ता कर थकल्याने सील ठोकलेल्या गाळ्यांची छायाचित्रे आपल्या अंकात दिसू लागतात. वाचणाऱ्याला वाटते, भरबाजारात गाळा आहे म्हणजे माणूस बक्कळ कमावत असणार आणि तरी कर बुडवतोय. काही जण तसे असतीलही. पण सील लागायच्या आधी त्या शटरमागे काय झाले असेल, हे नौपाड्यातल्या एका लहानशा गाळ्याचा मालक म्हणून सांगावेसे वाटते.

गाळा गोखले रोडजवळच्या एका गल्लीत आहे, वडिलांनी घेतलेला. आम्ही तिथे वर्षानुवर्षे वह्या-पुस्तके विकली. जूनमध्ये दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पुढे माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला, मुलीला या धंद्यात रस नव्हता, म्हणून गाळा एका चष्मेवाल्याला भाड्याने दिला. लिव्ह अँड लायसन्सचा करार केला, मुद्रांक शुल्क भरले, नोंदणी केली. तोंडी व्यवहार करून रोखीने भाडे घेण्याचा सल्ला देणारे चार जण भेटले होते, तो मानला नाही.

मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या बाजारमूल्याच्या हिशेबाने आहे. आपल्याकडे ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत अजून करयोग्य मूल्यच चालते. म्हणजे जागेला वर्षाकाठी जे वाजवी भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर लावायचा. जागा स्वतः वापरत असाल तर ठरलेल्या दराने हिशेब होतो. भाड्याने दिलीत की करारातला आकडा पुढे येतो. भाडे महिना ३०,००० रुपये धरले, तर वर्षाचे ३,६०,०००. त्यातले १० टक्के गेले की ३,२४,००० रुपयांवर बिगरनिवासी दराने एकेक कर चढत जातो. (याच भाड्यातून आयकर खाते दुरुस्ती वगैरेसाठी ३० टक्के सोडते. भिंत तीच, ओलही तीच!) शिवाय राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. हा दुसरा कर घरांना नसतो, फक्त बिगरनिवासी जागांना असतो. १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेने लोकांच्या हाताला काम दिले, तिच्यासाठी दोन पैसे द्यायला माझी कधीच हरकत नव्हती.

भाडे जास्त मिळते त्याने कर जास्त भरावा, हेही मला मान्य आहे. शेजारचे गृहस्थ तेवढ्याच गाळ्यात स्वतः फरसाण विकतात. त्यांचे बिल माझ्यापेक्षा बरेच कमी येते. चष्मेवाला होता तोवर मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर चष्मेवाल्याने गाळा सोडला. गिऱ्हाईक चष्मा मोबाईलवरून मागवते आणि दुकानात येणाऱ्याला दुचाकी लावायला जागा मिळत नाही, हे त्याचे रडगाणे खोटे नव्हते. नंतर नऊ महिने शटर बंद. बिल मात्र तो अजून काउंटरवर बसलेला असावा तसे आले. चौकशी केली तेव्हा कळले की चूक माझी. जागा रिकामी राहिली तर कराचा परतावा मागण्याची सोय कायद्यात आहे, पण जागा रिकामी झाल्याचे लेखी कळवावे लागते. मी कळवले नव्हते. आमच्या सोसायटीतल्या इतर गाळेवाल्यांना विचारले, तर एकालाही ही तरतूद ठाऊक नव्हती.

आता माझा मुद्दा. नोंदणी झालेल्या करारावर दोन तारखा असतात, सुरू होण्याची आणि संपण्याची. दोन्ही सरकारच्या नोंदणी विभागाकडे असतात. करआकारणीत पहिलीच उतरते. दुसरी तारीख उलटून गेली आणि नवा करार नोंदला गेला नाही, तर पुढच्या सहामाहीपासून आकारणी आपोआप स्वतःच्या वापराच्या दरावर का येऊ नये? कोणी जागा रिकामी दाखवून आत भाडेकरू बसवला असेल तर त्याला पकडा, दंड करा. सध्या गंमत अशी आहे की रोखीत भाडे घेणारा कागदोपत्री ‘स्वतःचा वापर’ दाखवून कमी दराने सुखात राहतो. जो करार नोंदवतो त्याचाच कर चढतो आणि चढला की तिथेच राहतो.

भाडे उतरले तरी तीच कथा. घोडबंदर रोडवर मेट्रो ४ च्या कामासाठी उभ्या केलेल्या पत्र्यांआड दुकाने गेली, तेव्हा गिऱ्हाईक आटले. अशा वेळी भाडेकरू टिकावा म्हणून मालक भाडे कमी करतो. पण फेरआकारणीसाठी अर्ज घेऊन जायचे त्यानेच.

त्यात १० ऑक्टोबर २०२४ पासून आणखी एक भर पडली. मालक जीएसटीत नोंदलेला नसला आणि भाडेकरू नोंदलेला असला, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा. कंपोझिशनवाल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना, जानेवारी २०२५ मध्ये त्यातून वगळले, ते बरे झाले. पण ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलवाल्याला या करावर क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला हा कर त्याला स्वतःच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. तो बोलणी सुरू करतानाच हे १८ टक्के माझ्या भाड्यातून कापून बोलतो.

अशात एखादे बिल थकले तर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४. बँकेतली मुदतठेव त्याच्या जवळपासही जात नाही. मग कधीतरी अभय योजना येते, शास्तीत घसघशीत सूट मिळते, आणि वेळेवर भरणाऱ्याला उगीचच खुळ्यासारखे वाटते. छोट्या घरांना करसवलत देण्याची घोषणा प्रत्येक पक्षाला सुचते. दोनशे चौरस फुटांच्या रिकाम्या गाळ्याबद्दल बोलून कुणाला मते मिळणार?

माझ्या गाळ्यासाठी सध्या एका केकवाल्याशी बोलणी चालू आहेत. करार ३३ महिन्यांचा होईल. जागा रिकामी झाल्याचे कळवण्याचे पत्र मी आत्ताच लिहून फायलीत लावले आहे, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

आपला,
एक गाळेधारक
नौपाडा, ठाणे (प.)