निकाल लागला, नकलेचा अर्ज दिला का?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तालुका न्यायालयाची बातमी बहुतेक वेळा रिक्त पदांची किंवा तुंबलेल्या दाव्यांची असते. पक्षकाराचे हेलपाटे मात्र कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती म्हणजे नकला देणारा नक्कल विभाग, अभिलेख कक्ष आणि समन्स बजावणीचे काम पाहणारा नाझर यांच्याकडे होतात. तिथल्या कामाविषयी कुणी फारसे लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. 1963च्या मुदत कायद्याच्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, एवढे बहुतेकांना ऐकून माहीत असते. पण ही वजावट अर्ज दिल्यावर सुरू होते. हुकूमनामा, म्हणजे निकालावरून निघणारा औपचारिक आदेश, तयार व्हायला तीन आठवडे लागले आणि तोवर अर्जच दिला नाही, तर ते तीन आठवडे अपिलाच्या मुदतीतूनच गेले. कलमाखालच्या स्पष्टीकरणात हे लिहिलेले आहे. ‘हुकूमनामा झाला की या’ असा सल्ला ऐकून घरी बसणारा पक्षकार इथेच अडकतो. अर्ज निकालाच्याच दिवशी द्यावा. आणि नकलेवरच्या शिक्क्यात अर्जाची, नक्कल तयार झाल्याची व दिल्याची अशा तारखा असतात. तयार नक्कल न्यायला उशीर केला, तर ते दिवस वजा धरून मिळत नाहीत.

अर्ज अडतो तो बहुधा निशाणीपायी, म्हणजे दाव्यातल्या प्रत्येक कागदाला कोर्टाने दिलेल्या क्रमांकापायी. दावा क्रमांक, वर्ष, पक्षकारांची नावे सगळे असते, आणि खाली नुसते ‘खरेदीखताची नक्कल मिळावी’. त्या फाइलीत तीन खरेदीखते असली तर कारकुनाने कोणते काढायचे? ‘नि. 34’ लिहिले की नेमका कागद हाती येतो. चालू दाव्याची फाइल त्या त्या कोर्टाच्या कारकुनाकडे असते. निकाली दाव्याची अभिलेख कक्षात जाते, आणि तिथे निकालाची तारीख लागते. ती ईकोर्ट्स ॲपवर दाव्याचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून मिळते. ॲपवरून उतरवून घेतलेला निकाल वाचायला ठीक. प्रमाणित नकलेचे काम त्याने होत नाही.

नाझराकडे समन्स नेऊन देणाऱ्या बेलिफांचे काम चालते. वादीने ‘मु. पो. अमुक’ एवढाच पत्ता दिला आणि गावात त्या नावाचे दोघे निघाले, की समन्स ‘पत्ता लागत नाही’ अशा शेऱ्यासह परत. वडिलांचे नाव, वस्ती, जवळची खूण दिली तर हा फेरा वाचतो. प्रतिवादी समन्स घेत नसेल तर ते दारावर चिकटवता येते, पण घर कुणी दाखवले आणि कुणासमक्ष चिकटवले त्यांची नावे-पत्ते अहवालात हवेत (दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 5, नियम 17). ही ओळ कोरी राहिली की प्रतिवादीचे वकील बजावणीवरच हरकत घेतात, आणि पुन्हा पहिल्यापासून समन्स.

नक्कल विभागाच्या खिडकीशी दोन कागद लावले तरी पुष्कळ होईल: निशाणी क्रमांकासह भरलेला एक नमुना अर्ज, आणि त्या दिवशी तयार झालेल्या नकलांची यादी. यादी रोज सकाळी बदलावी, नाहीतर ती जुन्या नोटिशींत हरवते.

आपला,
एक नियमित वाचक