रस्सा वाढव, पण ताट कमी करू नको

प्रिय भावा,

तुझा मेसेज वाचला, नोकरीचं बिनसलंय आणि आता कमी पैशात किराणा कसा भागवायचा म्हणून विचारलंयस. असलं काही व्हॉट्सॅपवर दोन ओळीत सांगून होत नाही म्हणून निवांत बसून लिहितोय, लांबलं तर वहिनींना वाचायला दे, त्या कामाचं तेवढं बरोबर काढून घेतील. नोकरीचं होईल रे काहीतरी, त्यावर मी इथनं काय बोलणार. तू विचारलंयस ते किराण्याचं, त्यात मात्र आता मला कळतंय. फौंड्रीतला ओव्हरटाइम बंद झाला, ही सकाळी कामावर जायला लागली, माझी दुपारपाळी, त्यामुळं आमच्या घरात सकाळचा स्वयंपाक माझ्याकडं आहे. हसू नको मर्दा, भाकरी गोल येते आता.

आधी रेशनचं बोलतो, कारण तू ते टाळणार हे मला माहीत आहे. तुझं कार्ड अजून इकडच्याच, कोल्हापूरच्या पत्त्यावर असेल. असू दे, ते पुण्यातल्या दुकानातपण चालतंय, एक देश एक रेशन कार्ड म्हणतात ते हेच, फक्त आधार जोडलेलं पाहिजे आणि मशीनवर अंगठा उठला पाहिजे. नुसतं केशरी कार्ड आहे म्हणून धान्य मिळतंच असं नाही, ते प्राधान्य कुटुंबात, म्हणजे सरकारी धान्य मिळणाऱ्या घरांच्या यादीत आहे का ते बघ. असेल तर माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब घरांचं कार्ड असेल तर घराला 35 किलो, आणि जानेवारी 2023 पासून ते धान्य फुकट आहे. पाच माणसांचं 25 किलो होतंय की, लाज कशाची त्यात. तांदळात कधी जरा वेगळे दाणे दिसले, पाण्यावर तरंगले, तर प्लास्टिकचे म्हणून निवडून फेकू नका, लोह आणि जीवनसत्त्वं घालून मुद्दाम मिसळलेले असतात ते. भाताला तो तांदूळ आवडला नाही तर इडलीला घाला, तीन वाट्या तांदूळ एक वाटी उडीद डाळ, पोरं दोन दिवस सकाळी काही मागत नाहीत.

दुसरं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात रोज जाणं बंद कर. दहाची पुडी, वीसचं पाकीट, त्यात पोरगं बरोबर असलं की कुरकुरे, आणि वहीवर लिहायला सांगितलं की महिन्याच्या शेवटी आकडा बघून डोळे पांढरे. मी महिन्यातनं एकदा लक्ष्मीपुरीत जाऊन सुटं धान्य आणतो, तिथं दोन दुकानं फिरलं की दर कळतोय. तिकडं पुण्यात मार्केट यार्ड आहेच. ज्वारी आता स्वस्त राहिलेली नाही, शाळूचा दर ऐकून आमची आई दुकानदारालाच बोलते, म्हणून आम्ही एक वेळ भाकरी आणि एक वेळ रेशनच्या गव्हाची चपाती असं बसवलंय.

डाळीत तूर एकटी वापरू नको, निम्मी तूर निम्मी मसूर घाल, आमटीत कुणाला कळत नाही आणि मसूर शिजतेही लवकर. आणि अख्खा मसूर! इस्लामपूरच्या बाजूला ढाब्यावर थांबून पैसे मोजून आपण जो खायचो तोच, त्यात असतंय काय, कांदा, टोमॅटो, लसूण आणि आपली चटणी, म्हणजे कांदा-लसूण मसाला. रात्री भिजत घातला तर कुकरच्या शिट्ट्या कमी लागतात, सिलिंडर चार दिवस जास्त जातो. हुलगे, म्हणजे कुळीथ, पण आण, भाजून दळून ठेवले की पिठलं पंधरा मिनिटात आणि पावसात माडगं, म्हणजे त्याच पिठाची पातळ पेज. मी हुलगे आणि सांडगे घरात कायम ठेवतो, 2019 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि भाजी, दूध सगळंच अडकलं, तेव्हा आम्ही सांडग्याच्या आमटीवरच होतो आणि खरं सांगू, कुणी तक्रार केली नाही.

मटकी विकत मोडाची घेऊ नको. सकाळी भिजव, रात्री उपसून फडक्यात बांध, थंडीत दीड दिवस लागतोय एवढंच, आणि वाटीभर मटकीची अडीच-तीन वाट्या उसळ होते. रविवारी त्याच मटकीची मिसळ कर, कटाला कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून वाट, सुटा फरसाण आण आणि ब्रेड. आता पुणेकर मिसळीबरोबर पाव खातात, त्यांचं त्यांच्यापाशी. पोरांना बाहेर नेलं नाही याचं वाईट वाटतंय म्हणालास ना, मिसळीचं ताट समोर आलं की बाहेर आणि आत काही राहत नाही.

आता मटण. ते बंद करतोयस हे वाचून मला खरंच राग आला. अरे आपलं तांबडा-पांढरा आहेच मुळात थोड्या मटणात घर जेवू घालायचं कसब, हॉटेलवाल्यांनी त्याची थाळी करून महाग केलं. एकाच उकडीचं अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी निघतंय, त्यातलं निम्मं पांढऱ्याला, निम्मं तांबड्याला, आणि तुकडे सुक्याला. अर्धा किलोत पाच माणसं पोटभर जेवतात, भाकरी चुरून. कसायाला हाडं जास्त घाल म्हणून सांग, नळी असली तर अळणीला जोर येतोय. पांढऱ्यात काजू, खसखस घालायची गरज नाही, पांढरे तीळ आणि नारळाचं दूध बास, फक्त दूध शेवटी घाल आणि मग खळाखळा उकळू देऊ नको, फाटतंय. त्याहून कमी पैशात करायचं तर मुंडी आण, वजडी आण, आणि तेही नको असेल त्या आठवड्यात अंडी उकडून तांबड्यात सोड.

पालेभाजी संध्याकाळी उशिरा घे. आमच्याकडं कपिलतीर्थ मार्केटात आठच्या पुढं मावश्या उठायच्या घाईत असतात, पोकळा, चाकवत, मेथी, जे राहिलंय ते देऊन टाकतात. तसली भाजी रात्रीच निवडून ठेवावी लागते मात्र, सकाळी कडेला पिवळी पडलेली असते. पोरांच्या चारच्या भुकेला बिस्किटाच्या पुड्याऐवजी घरचं भडंग कर, चुरमुऱ्याला लसूण, मेतकूट, शेंगदाणे आणि चटणी, डबाभर होतंय. नाहीतर नुसते शेंगदाणे-गूळ. दूध मात्र पोरांचं तोडू नको, माझा तिथं हिशेब चालत नाही, चहा तोड वाटलं तर.

एक गोष्ट बोलतो, राग मानू नको. हात आखडला की पहिल्यांदा कुणाचं ताट कमी होतं माहिताय? वहिनींचं. आपण सगळे जेवून उठायचो आणि आई खाली बसायची, पातेल्यात राहिलेला रस्सा आणि कालची भाकरी, तेव्हा आपल्याला ते दिसतही नव्हतं. आता मी वाढतो तर मला दिसतंय. रस्सा कितीही वाढव, पाणी घाल, वाटण घाल, पण आधी सगळ्यांची ताटं एकदम वाढ, त्यातलं उसळीचं, अंड्याचं वहिनींच्याही ताटात पडलं पाहिजे, आणि मग जे कमी पडायचं ते सगळ्यांना सारखं कमी पडू दे. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला बरं असतंय.

आणि तेल. पळी कढईत ओतायची नाही, चमच्यानं मोजायचं. रश्श्यावर लाल तवंग, म्हणजे तरी, पाहिजेच आपल्याला, म्हणून मी फोडणीत तेल कमी घालतो आणि वरनं थोडी चटणीची तरी सोडतो, डोळ्याला समाधान.

चटणी संपली असेल तर लगेच सांग. यंदा आम्ही ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला घेतली, डंकावर कांडून आणली, कांदा-लसूण पण हात सैल सोडून घातलाय. तिकडची पाकिटातली घेऊ नको, रंग असतोय आणि बाकी काही नाही. माझा मेव्हणा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याकडं चटणी, सांडगे आणि दोन किलो गूळ देतो, स्वारगेटला जाऊन घे, त्याला घरी यायला सांगू नको, चहाला बसला की उठत नाही.

कार्डाचा फोटो आजच टाक, नंबर नीट दिसेल असा. इथला रेशन दुकानदार ओळखीचा आहे, प्राधान्यात नाव आहे का आणि कुणाचं आधार राहिलंय ते उद्या सकाळी विचारून कळवतो.

तुझाच,
शाळेपासूनचा बेंचवाला