आयएनआर (रक्त किती वेळात गोठतं याची) तपासणी तालुक्यातच हवी

महोदय,

माझ्या सुनेचे तीन गर्भ गेले. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. मीही अंगारे लावले, त्याची आज लाज वाटते. मग तिची डावी पोटरी सुजून दगडासारखी झाली. नागपुरात रक्त तपासलं, १२ आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा नाव कळलं: अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार) रुग्णांतही आढळणारा, रक्ताच्या गुठळ्या करणारा आजार.

गुठळ्या होऊ नयेत म्हणून आयएनआर तपासणी न लागणारी नवी गोळी, रिव्हारोक्साबॅन, कोणी सुचवतं. पण २०१८ च्या इटलीतल्या संशोधनात या आजाराच्या तिन्ही अँटिबॉडी (रक्तातली प्रतिद्रव्यं) असलेल्यांना रिव्हारोक्साबॅनवर वॉरफेरिन या जुन्या गोळीपेक्षा जास्त त्रास झाला. अभ्यास मध्येच थांबवावा लागला. सुनेच्याही तिन्ही आहेत. म्हणजे वॉरफेरिन आणि त्यासाठी दरमहा आयएनआर तपासणी. त्यासाठी ऐन वेचणीत मजुरी बुडवून एसटीनं यवतमाळ. ग्रामीण रुग्णालयात ही एक तपासणी सुरू करा.

– एक सासू, ता. दारव्हा, जि. यवतमाळ