लव्हाळा काढायचा तो वैशाखात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

परसबागेतील तणांविषयीचे सल्ले वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून दरवर्षी मृग निघाल्यावर येऊ लागतात. तोपर्यंत लव्हाळा आणि हरळी यांच्या बाबतीत काही करण्याची खरी वेळ हातची गेलेली असते. हे मला तीन पावसाळे फुकट घालवल्यावर कळले. म्हणून हे पत्र मी चैत्र सरत असतानाच पाठवत आहे. मराठवाड्यात ज्यांच्या घरामागे दोन-चार वाफे आहेत त्यांच्या हाती अजून पाच-सहा आठवड्यांचे कडक ऊन शिल्लक आहे, आणि ते वाया जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

मी परभणी शहराच्या कडेच्या एका वसाहतीत राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरामागे बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब असा एक पट्टा भाजीपाल्यासाठी तयार केला. तिथली मूळ जमीन मुरमाड असल्यामुळे तलावातून उपसलेला गाळ ट्रॉलीभर विकत घेऊन पसरला. गाळ काळाभोर होता आणि पहिल्या वर्षी मेथी, गवार, वांगी दृष्ट लागावी अशी आली. त्या गाळात हरभऱ्याएवढ्या काळपट, केसाळ गाठी सापडत होत्या, परंतु त्या काय आहेत हे मी कोणाला विचारले नाही. दुसऱ्या वर्षी मेथी दोन पानांवर असतानाच लव्हाळा वीतभर वर आला होता, आणि तिसऱ्या वर्षी तर मेथीच्या जुडीतून लव्हाळ्याची पाती निवडून काढण्यातच माझी सकाळ जाऊ लागली. मी दर आठ-दहा दिवसांनी नेमाने खुरपत होते, एकही पाते वर दिसू देत नव्हते, आणि तरीही तण वाढतच होते. आपल्या कष्टांत कुठे कमी पडते आहे, असे त्या वेळी वाटत असे. कमी कष्टांत नव्हती, कामाची वेळ आणि रीत या दोन्ही चुकत होत्या.

लव्हाळ्याला आपण गवत म्हणतो, पण ते गवत नाही. त्याचा दांडा तीन धारांचा असतो, तो बोटांत धरून फिरवला की लगेच जाणवते. आयुर्वेदात मुस्ता किंवा मोथा म्हणून ज्या सुवासिक गाठी वापरतात, त्या याच वनस्पतीच्या. त्याचे बी क्वचितच रुजते, त्याचा सगळा संसार जमिनीखालच्या या गाठींवर चालतो. बारीक, तारेसारख्या मुळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या गाठींची माळ वीतभर खोलीपर्यंत पसरलेली असते, आणि अनुकूल ओल मिळाली तर एका गाठीपासून एका हंगामात शंभराच्या आसपास गाठी तयार होऊ शकतात. माळ अखंड असते तोवर टोकाची गाठ फुटते आणि मागच्या बऱ्याचशा गाठी झोपून राहतात. आपण ओल्या जमिनीत खुरपे चालवतो तेव्हा पाते तुटून हातात येते, गाठ खालीच राहते, आणि माळ मात्र जागोजाग तुटते. मग झोपलेली एकेक गाठ जागी होऊन स्वतंत्रपणे कोंब सोडते. पहिला पाऊस पडल्यावर मी मोठ्या उत्साहाने वाफा कुदळीने खणत असे, तेव्हा खरे म्हणजे लव्हाळ्याची लावणीच करत होते.

हरळीचेही असेच आहे, फरक एवढाच की तिच्या गाठी नसून पेरे असतात. तिच्या काही काड्या जमिनीवरून पळतात, काही जमिनीखालून, आणि प्रत्येक पेऱ्यापाशी मूळ धरण्याची ताकद असते. धारदार खुरप्याने तिचे चार तुकडे केले आणि ते ओल्या मातीतच राहिले, तर चार ठिकाणी हरळी उभी राहते. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच, म्हणून बांधाच्या किंवा कुंपणाच्या कडेला ती थोडी असावी असे मलाही वाटते. मात्र ती भाजीच्या वाफ्यात शिरली की टमाटे आणि मिरची यांच्या वाट्याचे पाणी आधी तीच पिते. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे ही गोष्ट किरकोळ नाही.

मला वाट दाखवली ती आमच्या वसाहतीत कामाला येणाऱ्या एका मावशींनी. त्यांचे सारे आयुष्य निंदणी-खुरपणीत गेले आहे. मी आषाढात वाफ्यात बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "बाई, आता कितीबी खुरपा, हे जात नसतंय. वैशाखात उलथून टाका, मग बघा." काळ्या रानातील कुंदा हे चिवट तण आणि हरळी उन्हाळ्यात कुदळीने खणून काढण्याचे गुत्ते (ठेके) त्यांच्या वडिलांनी घेतलेले होते, त्यामुळे हे त्यांचे घरचेच ज्ञान होते. पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या देखरेखीखाली ते काम केले. ते कसे केले हे थोडे सविस्तर सांगते, कारण खरा फरक बारकाव्यांतच पडतो.

उन्हाळी काही न लावता फेब्रुवारीअखेर वाफ्याचे पाणी पूर्ण बंद केले. आपली काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात, तशा अवस्थेत घरच्या कुदळीने खणणे कोणालाही झेपणार नाही. म्हणून एप्रिलच्या मध्याला एकदाच हलके पाणी दिले आणि वाफसा येण्याची वाट पाहिली. माती हाताला चिकटत नाही आणि मुठीत दाबली की ढेकूळ होते, त्या दिवशी वीतभर खोल खणून मोठमोठी ढेकळे उलथी पाडली. ढेकळे फोडली नाहीत, हे महत्त्वाचे. बारीक केलेल्या मातीत गाठी पुन्हा झाकल्या जातात, मोठे ढेकूळ मात्र आतपर्यंत तापते आणि वाळते. दहा-बारा दिवसांनी ढेकळे हाताने फोडून गाठी, तारा आणि हरळीची पांढरी मुळे वेचली, राहिलेली ढेकळे पालथी केली, आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा केले. या सगळ्या काळात वाफ्याला थेंबभरही पाणी दाखवले नाही. लव्हाळ्याची गाठ पाण्यात बुडून सहजासहजी मरत नाही, पण उघड्यावर पडून पूर्ण वाळली की संपते. त्या वर्षी वेचलेल्या गाठी दोन घमेली भरल्या. त्या मी गच्चीवर पत्र्यावर पसरल्या. तीन आठवड्यांनी त्यांतल्या मूठभर गाठी मुद्दाम ओल्या फडक्यात बांधून ठेवल्या, आणि एकीलाही कोंब आला नाही. न वाळवलेल्या गाठी खताच्या खड्ड्यात टाकण्याची चूक कोणी करू नये, कारण घरच्या लहान खड्ड्यात त्या मरण्याइतकी उष्णता बहुधा तयार होत नाही आणि तेच खत पुढे सगळ्या बागेत जाते.

एका उन्हाळ्यात सगळे संपते असे मी म्हणणार नाही. खोलवरच्या गाठी उरतातच आणि पाऊस पडला की त्यांचे कोंब दिसतात. मात्र त्यांची संख्या आता हाताच्या आवाक्यातली असते. कोंब वर आल्यापासून साधारण तीन आठवड्यांच्या आत तो काढला तर त्याला नवी गाठ धरायला सवड मिळत नाही आणि जुनी गाठ आपली पुंजी खर्चून बसते. त्यामुळे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांचा वार ठरवून, खुरप्याचे टोक तिरके खोलवर घालून, गाठीसकट एकेक रोप उचलावे लागते. याशिवाय लव्हाळ्याला आणि हरळीला सावली मानवत नाही. म्हणून पहिल्या पावसाळ्यात मी त्या पट्ट्यात मेथी-कोथिंबिरीसारखी विरळ सावलीची पिके टाळून अर्ध्या भागात चवळी आणि अर्ध्या भागात लाल भोपळा लावला. भोपळ्याच्या पानांखाली लव्हाळा उगवला, पण पिवळा आणि मरतुकडा. ज्यांना भाजीची घाई नाही त्यांनी दाट ताग पेरून फुलावर येण्याआधी मातीत गाडला, तर सावलीही मिळते आणि खतही.

प्लास्टिकच्या कागदाविषयी अनेक जण विचारतात. काळा कागद अंथरून लव्हाळा दबत नाही, त्याचा सुईसारखा कोंब कागद भोकसून वर येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. पारदर्शक कागदाचे काम निराळे आहे. वाफा ओला करून साधारण २५ मायक्रॉनचा पारदर्शक कागद मातीला चिकटेल असा ताणून, चारही कडा मातीत दाबून, एप्रिल-मे महिन्यांत चार ते सहा आठवडे ठेवला तर वरच्या दोन-तीन इंचांतील माती इतकी तापते की वर्षायू, म्हणजे एका वर्षातच आयुष्य संपणाऱ्या, तणांचे बहुतेक बी मरते. खोलवरच्या गाठींपर्यंत ती उष्णता पुरत नाही, म्हणून हा उपाय खणून-वेचून झालेल्या वाफ्यावर करावा. पालापाचोळ्याच्या आच्छादनाबद्दलही तेच सांगावेसे वाटते. लातूरकडे सोयाबीनचे भुसकट आणि उसाचे पाचट मुबलक मिळते, त्याचा चार बोटे जाडीचा थर बियांवर येणारी तणे अडवतो आणि ओल टिकवतो, परंतु गाठींवर जगणाऱ्या तणाला तो पुरा पडत नाही.

बियांवर येणाऱ्या तणांविषयी थोडक्यात सांगते. घोळ, माठ, केना ही आपल्या खाण्यातली भाजी आहे आणि ती कोवळी असतानाच उपटली तर त्रासही देत नाही. फक्त घोळ आणि केना उपटून ओल्या मातीवर टाकू नयेत, ते पेऱ्यांतून पुन्हा मूळ धरतात. केना तर जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो, म्हणून तो मुळासकट काढावा. गाजरगवताची आपल्या देशात १९५५ साली पुण्यात नोंद झाली आणि आज ते प्रत्येक रिकाम्या प्लॉटवर आहे. त्याचे एक झाड दहा हजारांहून अधिक बिया देते, तेव्हा ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून, पावसाने जमीन मऊ असताना उपटणे हाच घरगुती मार्ग आहे. ज्यांच्या अंगाला त्याने खाज सुटते किंवा ज्यांना दमा आहे, त्यांनी हे काम स्वतः करू नये.

आता ज्या दोन उपायांमुळे मला हे पत्र लिहिणे आवश्यक वाटले, त्यांच्याविषयी. पहिला उपाय मिठाचा. मोबाइलवर फिरणाऱ्या एका संदेशावरून आमच्या शेजारी एका घरी लव्हाळ्यावर मिठाचे पाणी ओतण्यात आले. पाती करपली तेव्हा सर्वांना आनंद झाला. पुढच्या हंगामात त्या कोपऱ्यात लव्हाळा पुन्हा आला आणि मेथी मात्र उगवली नाही. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मुळातच जास्त आहे. तिच्यात मिठातले सोडियम गेले की मातीची रचना मोडते, पाणी मुरत नाही, वाळल्यावर वर कडक पापडी धरते आणि जमीन चोपण होत जाते. आपल्या भागातील शेतकरी चोपण जमीन सुधारण्यासाठी वर्षानुवर्षे जिप्सम घालत असताना आपण स्वतःच्या हाताने घरची जमीन चोपण करावी, हे पाहून मला फार वाईट वाटले.

दुसरा उपाय तणनाशकाचा. ग्लायफोसेट पानांतून मुळांकडे जाते हे खरे, पण ज्या झोपलेल्या गाठींना पानच नाही तिथे ते पुरेसे पोहोचत नाही आणि त्या नंतर फुटतात. दाट वस्तीत वाऱ्याची एक झुळूक आली तरी फवारा कढीपत्त्यावर आणि जास्वंदीवर जातो. टू-फोर-डी हे औषध रुंद पानांच्या झाडांना मारते, हरळीचे काही बिघडवत नाही, आणि शेजारी टमाटे किंवा कापूस असेल तर त्याची पाने आक्रसून जातात, हे कापूस लावणाऱ्या मराठवाड्याला सांगायला नको. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली, तरी घरगुती बागांसाठी तोच सल्ला सहजपणे दिला जातो. ज्या वाफ्यातली काकडी माझी नात तोडल्या जागी खाते, तिथे मी तो फवारा मारणार नाही.

आपल्या दैनिकास माझी विनंती आहे की बागकामाचा मजकूर छापताना तणाचे नाव आणि काम करण्याचा महिना या दोन्ही गोष्टी द्याव्यात, आणि उन्हाळी मशागतीची माहिती अक्षय्य तृतीयेच्या आधी छापावी. तसेच या वर्षी जे वाचक तलावाचा गाळ किंवा रोपवाटिकेतील माती आणणार आहेत, त्यांनी ती थेट वाफ्यात टाकू नये. पोत्यावर पातळ थर पसरून, पाणी मारून, दोन आठवडे ठेवावी. तीनधारी कोंब दिसला तर ती माती वाफ्याबाहेरच ठेवून उन्हात वाळवता येते, आणि माझ्यासारखे तीन पावसाळे वाया जात नाहीत.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी