पुढची सीट

गरुडेश्वर

चि. मनू,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर धड बोललो नाही, कारण भोवती सात-आठ जण पायांना तेल चोळत बसले होते आणि सगळ्यांचे कान माझ्याकडे. 'बाबा, सोबत कोण आहे?' असं तू दर वेळी विचारतेस आणि मी 'आहेत की' म्हणून उडवून लावतो. खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

ओंकारेश्वरला नर्मदा परिक्रमेचा संकल्प केला तेव्हा मी एकटाच होतो. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र ओलांडायचं नाही, एवढं सांभाळलं की वाट चुकणार नाही असं वाटलं होतं. तिसऱ्याच दिवशी कापसाच्या शेतांत हरवलो. मागून आवाज आला, "ओ बाबाजी, मैया तिकडं राहिली!" तेही मराठीत. हे सोलापूरकडचे एसटीचे निवृत्त कंडक्टर. इथे नावं फारशी कोणी विचारत नाही, म्हणून ते माझे कंडक्टरसाहेब आणि मी त्यांचा पुणेकर.

पटकन मैत्री जमली असं समजू नकोस. ते पहाटे साडेतीनला उठून पिशव्या खुडबुडवतात, घोरतात तर विचारूच नकोस. मुक्कामाला पोचलो की सवयीनं माणसं मोजतात. पण राजघाटच्या पुढे शूलपाणीच्या झाडीत शिरलो, सातपुड्याची चढण लागली आणि त्यांच्या त्या मोजण्याचा मला आधार वाटायला लागला. पूर्वी या भागात परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरच्या वस्त्रासकट, अशा गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. आम्हाला एका भिल्ल घरानं अंगणात खाट टाकून दिली, मक्याची भाकरी दिली आणि पैसे काढले तर घरातली म्हातारी रागावली.

राजपीपळ्याला साहेबांचा गुडघा सुजला. मी थांबतो म्हणालो, तर म्हणाले, "तुमचं तिकीट पुढचं आहे, चला." मी निघालो. मनू, खरं सांगतो, मनातून मला सुटल्यासारखंही वाटलं. माझ्या चालीनं चालता येईल, निवांत झोप लागेल. अंकलेश्वरपर्यंत तेवढंच वाटत होतं. पुढे संध्याकाळी चहा समोर आला की मी उगीचच मागच्या रस्त्याकडे बघायचो.

विमलेश्वर-कठपोरच्या काठावर मात्र सगळेच अडकतात. तिथे नर्मदा समुद्राला मिळते आणि पलीकडे मिठी तलाईला होडीनंच जावं लागतं. भरती आल्याशिवाय होडी सुटत नाही, मग मध्यरात्र असो की पहाट. त्यामुळे पुढे गेलेले आणि मागे राहिलेले तिथे एकत्र गोळा होतात. वाटेत भांडलेलेसुद्धा, ते बघायला मजा येते. दुसऱ्या दिवशी काठी टेकत साहेब आले. आल्या आल्या माणसं मोजली. होडीत शेजारी बसलो. सगळ्यांनी आपापल्या बाटलीतलं निम्मं जल समुद्रात सोडलं आणि तिथलं भरून घेतलं. बोलणं काहीच झालं नाही, त्यांना होडी लागली होती.

उत्तर तटावर आल्यावर उलटं झालं. नारेश्वरला मला ताप आला (आता उतरलाय, आईला सांगू नकोस) आणि मीच त्यांना पुढे पाठवलं. ते हटून बसले होते. तेव्हा त्यांचंच तिकिटाचं वाक्य त्यांना ऐकवलं.

आज इथे पोचलो. टेंबे स्वामींच्या समाधीपाशी बराच वेळ बसलो. कोकणातल्या माणगावचा हा माणूस अख्खा देश पायी फिरून १९१४ साली इथे विसावला. आपण चाललो चाललो म्हणतो ते केवढंसं, असं वाटलं. मग आश्रमाच्या वहीत नाव लिहायला गेलो. हल्ली मला आधी मागची पानं वाचायची खोड लागली आहे. कालच्या तारखेला साहेबांचं नाव होतं, अक्षर तिकीट फाडल्यासारखं तिरपं. पुढे शेऱ्याच्या रकान्यात 'पुढची सीट धरली आहे'.

उद्या लवकर निघतो. पॉवर बँक वगैरे काही पाठवू नकोस, ओझं होतं. पाठवायचेच तर सुती मोजे पाठव. दोन जोड. एक मोठ्या मापाचा.

नर्मदे हर.

तुझे
बाबा