लेकीला काय सांगू, असं विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानं इकडतिकडच्या गोष्टी आणि शेवटच्या ओळीत खरं दुखणं. शाळा संपली, पुढं काय करणार विचारलं की लेक खांदे उडवते. तुझं ऐकत नाही, माझं ऐकेल. तेव्हा मी तिला चार शब्द सांगावेत.

मला हसूच आलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पहिल्या वर्षी दोन विषयांत नापास झालेला मी, ते महिनाभर घरी लपवणारा मी, आणि माझ्यासाठी खोटं बोलून स्वतः अडकलेला तू. हे तिला कधी सांगितलं आहेस का? नसावंस. आधी ते सांग, मग बाकीचं.

तिच्या खांदे उडवण्यात मला आळस दिसत नाही. प्रश्नच आपण असा विचारतो की प्रामाणिक उत्तर तेच. ‘पुढं काय करणार?’ म्हणजे पुढची चाळीस वर्षं आत्ता, या खुर्चीत बसून सांग. आपल्याला तरी कुठं सांगता आलं होतं? तू ज्या कामावर पोट भरतोस त्याचं नावही आपण त्या वयात ऐकलं नव्हतं.

तुझ्यासारखाच एक बाप सांगतो. चार्ल्स डार्विनचे वडील डॉक्टर होते. त्यांनी मुलाला 1825 मध्ये वैद्यकी शिकायला एडिंबरोला पाठवलं. भूल देण्याची सोय नसलेल्या काळातल्या शस्त्रक्रिया त्या पोराला बघवेनात, तो सोडून आला. मग धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिज. ते उरकतंय तोच 1831 मध्ये ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवासाला जायची संधी आली आणि वडिलांनी साफ नाही म्हटलं. डार्विनने त्यांचे आक्षेप एका कागदावर उतरवून काढले, आठ भरले. त्यातला एक असा की, हा पुन्हा धंदा बदलतोय. ‘हिचं मन कशातच टिकत नाही’ हे तुझ्या पत्रातलं वाक्य आठव! पण वडिलांनी एक फट ठेवली होती: एखादा शहाणा माणूस ‘जा’ म्हणाला तर मीही हो म्हणेन. पोराच्या मामाने आठही आक्षेपांना एकेक करून उत्तर दिलं आणि वडिलांनी शब्द पाळला. मला यात डार्विनपेक्षा त्याचा बापच मोठा वाटतो. अर्थात घरात पैसा होता, पोराला दोनदा चुकायची चैन परवडत होती, हेही विसरायला नको. थोरांच्या गोष्टी सांगताना आपण नेमका तेवढाच भाग गाळतो.

म्हणून तिला मोठा प्रश्न विचारू नकोस, छोटा विचार. येत्या दोन वर्षांत कोणत्या कामाच्या जवळ जाऊन बघायला आवडेल? मग तिला खरंच तिथं जाऊन बसू दे, ते काम करणाऱ्या माणसाजवळ दोन दिवस. आणि त्या माणसाला तिने एकच गोष्ट नक्की विचारावी: तुमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?

हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. ‘तुझी आवड कशात आहे’ असं सगळे विचारतात. आवड बाहेरून दिसणाऱ्या भागाची असते. वकिली म्हणजे कोर्टातलं भाषण वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळ कागद वाचण्यात जातो. संशोधन म्हणजे शोध वाटतो. असतं ते तेच मोजमाप पन्नासदा घेणं. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला विचार, नवं लिहिण्यापेक्षा दुसऱ्याने लिहिलेलं कुठं अडलंय ते हुडकण्यात किती दिवस जातात. ज्या कामातला कंटाळा आपल्याला सोसवतो, किंबहुना ज्यात थोडी गोडीही वाटते, ते काम आपलं. माझंच बघ. आकड्यांचे तक्ते जुळवत बसणं लोकांना शिक्षा वाटते, मला त्यात तंद्री लागते. हे मला कुठल्याही कलचाचणीने सांगितलं नाही.

तिला मायकेल फॅरडेबद्दल सांगशील? शास्त्रज्ञ म्हणून नको, पुस्तकबांधणी करणारा पोरगा म्हणून सांग. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षी सात वर्षांच्या कराराने पुस्तकं बांधायला उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. 1812 मध्ये एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. पोराने व्याख्यानं ऐकून टिपणं काढली, मग ती नीट उतरवून, आकृत्या काढून, सुमारे तीनशे पानांचं पुस्तक स्वतःच्या हाताने बांधलं आणि डेव्हीला पाठवून दिलं. पुढच्या वर्षी डेव्हीचा मदतनीस गेला, त्या जागी हा लागला. 1831 मध्ये त्याने चुंबकाच्या हालचालीतून वीज निर्माण करून दाखवली. आजची जनित्रं त्याच तत्त्वावर चालतात. मला मात्र ते बांधलेलं पुस्तक आठवत राहतं. बांधणी हा त्याला नकोसा धंदा होता, आणि त्याच धंद्याने त्याचा अर्ज लिहिला. तेव्हा तिने काही शिकून मध्येच सोडलं, तर ‘वर्ष वाया गेलं’ हे शब्द तोंडातून काढू नकोस.

आता अभ्यासाचं. इथं मी जरा लांबण लावणार आहे, कारण यात आपण दोघं चांगलेच फसलो होतो.

आठवतंय, परीक्षेच्या आधी आपण पुस्तक चार-चार वेळा वाचायचो, पिवळ्या पेनाने रंगवायचो, आणि पेपर हातात आल्यावर पान डोळ्यांसमोर दिसायचं पण त्यावरची ओळ दिसायची नाही? त्याचं कारण लोकांनी तपासून ठेवलं आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चारही सत्रांत वाचला. दुसऱ्याने एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं पान मिटून, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढं होता. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहून बघणाऱ्यांना 61 टक्के. पहिल्या गटाने तो उतारा सरासरी चौदा वेळा वाचला होता, दुसऱ्याने साडेतीनच्या आसपास! आणि गंमत पुढंच आहे. आपल्याला पुढंही छान आठवेल, अशी खात्री जास्त कुणाला होती? वाचणाऱ्यांना.

आपला अभ्यास असाच होता ना? वाचताना ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे आलं असा समज होतो. पान मिटून आठवायला बसलं की घाम फुटतो, आपण ढ आहोत असं वाटतं, म्हणून ते आपण टाळतो. खरं तर डोक्यात काही रुजत असेल तर ते त्या घाम फुटण्याच्या वेळीच. तिला सांग, रोज रात्री पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दिवसभराचं लिहायचं आणि कुठं अडलं ते सकाळी उघडून बघायचं. मग तेच दोन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करत स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1885 मध्ये मांडून ठेवलं की विसरणं सुरुवातीलाच झपाट्याने होतं आणि पाठांतर वेगवेगळ्या दिवसांवर पसरलं की कमी उजळण्यांत भागतं. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट, पण आपल्याला वर्गात कुणी सांगितली नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणं हा आपला पराक्रमही त्यातच मोडीत निघतो. दिवसभर शिकलेलं झोपेत पक्कं होतं. आपण जागून नेमकं तेच मोडत होतो. तिच्या वयाला आठ-नऊ तास झोप लागते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपायला सांग, आणि तूही तसाच झोप. नाहीतर ती ऐकायची नाही, आणि बरोबरच आहे तिचं.

नोकरीबद्दल मी एकच प्रसंग सांगतो, तुलाही पुरता माहीत नाही. पहिल्या नोकरीत माझ्याकडून एका तक्त्यात चूक झाली. एका रकान्यातले आकडे एक ओळ खाली सरकले होते. मला ती चूक मंगळवारी कळली. म्हटलं, शुक्रवारपर्यंत गुपचूप दुरुस्त करू. बुधवारी तो तक्ता तीन लोकांकडे गेला, गुरुवारी त्यावरून निर्णय झाला. शुक्रवारी मी साहेबांसमोर उभा. ते ओरडले नाहीत. ‘मंगळवारी सांगितलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं,’ एवढंच म्हणाले. त्यानंतर दोन महिने माझा प्रत्येक कागद दुसरं कुणीतरी तपासायचं. चूक माफ झाली होती, लपवलेले तीन दिवस माफ झाले नव्हते. बारकाईने बघ, नापास झाल्याचं लपवणारा तोच मी. खोड जायला किती वर्षं लागली!

तेव्हा तिने वाईट बातमी पहिल्याच दिवशी सांगायची सवय आत्ताच लावावी. पण ती सवय तिला घरीच लागेल ना? गुण कमी पडल्याचं सांगितल्यावर तू पहिलं वाक्य कोणतं बोलतोस, यावर ती पुढं साहेबांना काय सांगेल ते ठरतं. हे तुला टोचेल. टोचू दे.

ओळखीशिवाय काम मिळत नाही, हे तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. ओळखीने कामं मिळतात, पण ती आपण समजतो त्या ओळखीने नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा एक लेख आहे. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला तेव्हा कितपत भेटायचा? नेहमी भेटणारा, असं सांगणारे जेमतेम सहातले एक निघाले. बाकीच्यांना अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळलं होतं. कारण साधं आहे, रोजच्या मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही असतंच. म्हणजे लाळघोटेपणा करायची गरज नाही. जुने शिक्षक, एकदा बरोबर काम केलेली माणसं, यांना वर्षातून एक-दोनदा, काहीही न मागता चार ओळी लिहाव्यात. मी सुरुवातीला लाजायचो. आता वाटतं, चार ओळी आल्याचा राग कुणाला येणार?

पैशांवर फार लिहीत नाही, तू माझ्यापेक्षा शहाणा आहेस. 72 ला व्याजदराने भागायचा हिशेब तेवढा तिला शिकव. आठ टक्क्यांनी पैसे साधारण नऊ वर्षांत दुप्पट होतात. छत्तीस टक्क्यांनी घेतलेलं कर्ज दोनच वर्षांत. हे एकदा स्वतः भागून बघितलं की क्रेडिट कार्डावर वेगळं व्याख्यान द्यायची गरज उरत नाही.

आणि ‘सुखी कशी होईल’ हे जे तू कंसात लिहिलंयस. हार्वर्डने 1938 पासून काही माणसांचं आयुष्य तरुणपणापासून नोंदवत ठेवलं आहे, आता त्यांच्या मुलांपर्यंत आलंय. सुरुवातीला त्यात सगळे पुरुषच घेतले होते; तुझी लेक हा मुद्दा ताबडतोब काढेल आणि काढावाच. त्यातून वारंवार दिसलेली गोष्ट अशी की म्हातारपणी धडधाकट आणि समाधानी कोण राहतं, हे जवळच्या माणसांशी संबंध कसे आहेत यावर बरंच अवलंबून असतं. मला यात नवल वाटलं नाही, थोडी लाज वाटली. तुझ्या आधीच्या पत्राला मी पाच महिन्यांनी उत्तर दिलं होतं.

एक शेवटचं, आणि हे तुझ्यासाठी. तिने तुला आजवर फक्त येणाऱ्या गोष्टी करताना पाहिलंय. गाडी येते, हिशेब येतो, उपदेश तर फारच येतो. न येणारी गोष्ट करताना, चुकताना, चिडून पुन्हा बसताना तिने तुला पाहिलंच नाही. तू कॉलेजात चित्रं काढायचास. वहीच्या मागच्या पानावर मास्तरांची नाकं काढून मला हसवायचास. सोडलंस ते सोडलंसच. पुन्हा धर. रोज अर्धा तास, तिच्यासमोर, त्याच टेबलावर. ती अभ्यास करो न करो, तू नाकं काढ.

पहिलं चित्र मला पाठव. कितीही वाकडं आलं तरी पाठव. मी हसणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो.

वहिनींना नमस्कार. लेकीला म्हणावं, काकाला स्वतःच लिही, बापामार्फत नको.

तुझाच,
दोन विषयांत नापास मित्र